सुकडी खाल्लेली माणसं

माझी घरची वारली त्या वर्षी पोरगा मला अमेरिकेत घेऊन आला. मी आलो नाही, मला आणलं गेलं. घराला कुलूप लावलं, म्हैस चुलतभावाच्या दावणीला गेली, आणि बॅग भरताना मी एकच वस्तू हट्टानं आत घातली. तिचं जेवायचं ताट. जर्मनचं, काठाला एका जागी दबलेलं. सून फोनवर म्हणाली, "बाबा, इथं सगळं मिळतं. ताट कशाला?" म्हटलं, मिळत असेल, पण हे नाही मिळायचं.

वेस्ट विंडसरला पोराचं घर. तो पहाटे गाडी पकडून न्यूयॉर्कला जातो, सून तिच्या कंपनीत जाते, आणि मी खिडकीत. समोरचा रस्ता आरशासारखा. मी आयुष्यभर सरकारी रस्त्याच्या कामावर होतो, खड्डे बुजवले, खडी पसरली, डांबराचे चटके खाल्ले. असा रस्ता आम्हाला स्वप्नात पण जमला नसता. पण त्यावर माणूस नाही. चालायचं नसेल तर रस्ता केला कशाला, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या ताटाचं इथं आल्याआल्या एक झालं. सून पुण्याची, कामाला चटपटीत, मनानं चांगली. पहिल्याच दिवशी म्हणाली, "बाबा, हे डिशवॉशरमध्ये नाही टाकता येणार. अल्युमिनियम ब्लॅक पडतं. मी हातानं वॉश करून सेपरेट ठेवत जाईन." आणि ताट सगळ्या भांड्यांपासून लांब, खिडकीच्या कडेला उभं राहिलं. तिला काय माहीत, ते ताट जन्मभर वेगळंच ठेवलेलं होतं.

तर एकदा कुणाच्या तरी घरी गणपतीला गेलो होतो. तिथं एक डॉक्टर भेटले. मूळ नागपूरचे, तरुणपणीच अमेरिकेत आलेले, आता निवृत्त. आरती झाल्यावर प्रसादाची वाटी घेऊन माझ्याशेजारी बसले.

"दिवसभर काय करता जी?"

"वाट बघतो."

"कोणाची?"

"माझ्या नंबराची."

"बाप्पा! हे काय बोलून राहिले तुम्ही? गाव कोणतं?"

माणदेशातलं, म्हणून सांगितलं. तेव्हापासून मला ते माणदेशीच म्हणायला लागले. म्हणाले, "मंगळवारी दुपारी तयार राहा, माणदेशी. तुम्हाला भांडण ऐकायला नेतो. फुकट कॉफी पण मिळते."

शेजारच्या गावातल्या लायब्ररीत एक खोली होती. तिथं दर मंगळवारी दहा-बारा म्हातारी माणसं जमायची आणि इतिहासावर वाद घालायची. बहुतेकांचे पूर्वज आयर्लंडमधून आलेले. त्यामुळे वाद कुठूनही निघाला तरी आयर्लंडला जाऊन थांबायचा. आमच्याकडं कुठलीही चर्चा पाण्यावर येते तसं. त्यांची पद्धत अशी की एकानं एक बाजू मांडायची, दुसऱ्यानं दुसरी, मग ज्याला पाहिजे त्यानं बोलायचं, आणि शेवटी हात वर करून निकाल. कधी एका आयरिश पुढाऱ्याला दबा धरून मारलं, ती गोळी कुणाची होती, यावर. कधी इंग्लंडच्या राजाच्या दोन लहान पुतण्यांचं किल्ल्यात काय झालं, यावर. डॉक्टर माझ्या कानाला लागून मराठीत सांगायचे.

मी म्हटलं, "मरून पाचशे वर्षं झाली म्हणता, आणि पंचनामा अजून चालू आहे?"

डॉक्टरांनी ते सगळ्यांना सांगितलं. खोली हसली. सगळ्यात मोठ्यानं हसला तो त्यांचा म्होरक्या. जन्मभर प्लंबरचं काम केलेला, रुंद हातांचा, डोक्यावर कायम हिरवी टोपी. त्याला मी टोपीवाला म्हणायचो. त्यानं माझ्या पाठीवर अशी थाप मारली की कॉफी सांडली. त्या दिवसापासून माझी खुर्ची ठरली, त्याच्या डाव्या हाताला. बायको त्याचीही गेलेली होती. ते त्यानं सांगितलं नाही, डॉक्टरांनी सांगितलं. पण मला आधीच कळलं होतं. शर्टाचं वरचं बटण तुटून दोरा लोंबत होता, आणि दोन महिने तसाच लोंबत राहिला.

हिवाळ्यात त्यांचा मोठा विषय निघाला. त्यांच्याकडचा दुष्काळ. बटाट्यावर जगणारी गरीब माणसं, आणि शेतातला बटाटाच सडला. माणसं रस्त्याकडेला मेली, आणि त्याच वेळी बंदरातून धान्याची जहाजं बाहेर जात होती. देवानं मारलं का सरकारनं, यावर तीन मंगळवार भांडण चाललं. बर्फ पडत होता तरी कुणी चुकवलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही बहात्तरचा दुष्काळ बघितला आहे. सांगा की."

मी सांगितलं. दुष्काळी कामावर खडी फोडली ते सांगितलं. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो जोंधळ्याची भाकरी सांगितली, जी थापताना तुटायची आणि खाताना तुटायची नाही. म्हटलं, "जोंधळा तुम्ही दिला, उपकार झाले. पण त्या धान्याबरोबर गाजरगवताचं बी पण आलं म्हणतात. ते आमच्या बांधावरून अजून गेलेलं नाही. ते परत कधी नेताय?" पुन्हा हसले सगळे. मला बरं वाटलं. या खोलीत येईपर्यंत, कुणी हसावं असं मी बोललो याला वर्ष झालं होतं. घरची होती तेव्हा रोज हसायची. ती हसायची म्हणून तर मी बोलायचो.

मार्चमध्ये त्यांचा सण असतो. त्या वेळी लायब्ररीच्या दारातच एक लांब टेबल मांडायचं ठरलं. दुष्काळातून वाचून आलेल्या घरांनी आपल्याकडची एकेक जुनी वस्तू आणायची, आणि शेजारी चिठ्ठी लिहून ठेवायची; सणापर्यंत ते टेबल आमच्या खोलीतच मांडून ठेवलं होतं. कुणी जपमाळ आणली, कुणी जहाजावरची पेटी. कोपऱ्यात एक बाई बसायच्या, आधी नर्स होत्या, बोलायच्या कमी. त्यांनी टॉवेलात गुंडाळून एक मातीचं वाडगं आणलं. तपकिरी, काठ उडालेला. टेबलावर ठेवलं.

टोपीवाल्यानं विचारलं, हे कशाचं? बाईंनी सांगितलं. टोपीवाल्याचा चेहरा बदलला. त्यानं ते वाडगं उचललं, आपटलं नाही, हळूच उचललं, आणि बाईंच्या हातात परत दिलं. काहीतरी म्हणाला. बाई खाली बघत टॉवेल गुंडाळायला लागल्या.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"गाडीत सांगतो," डॉक्टर म्हणाले.

गाडीत सांगितलं. त्या दुष्काळात काही ठिकाणी दुसऱ्या पंथाची माणसं गरम सूप वाटायची. पण अट अशी की आपला पंथ सोडून आमच्या देवळात या. काही उपाशी माणसं गेली. पोरांना पाजलं, जगली. दुष्काळ सरल्यावर त्यातली बरीचशी परत आपल्या देवळात आली. पण गावानं विसरलं नाही. सूप प्यायलेलं घर म्हणून पोरींची लग्नं अडली, नातवंडांना टोमणे बसले. बाईंच्या पणजीची आई त्यातली, आणि ते वाडगं तिच्या सुपाचं. आणि टोपीवाला म्हणाला होता, हे टेबल सोसून राहिलेल्यांचं आहे, विकल्या गेलेल्यांचं नाही. बाईंनी एवढंच म्हटलं, मग वाद घालू आणि हात वर करू. पुढच्या मंगळवारी.

डॉक्टरांनी माझ्याकडं दोनदा बघितलं. मग गाडी एका दुकानासमोर उभी केली.

"काय झालं, माणदेशी?"

मग मी त्यांना जे सांगितलं ते आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. पोरालासुद्धा नाही.

दुष्काळी कामावर मजुरांना सुकडी मिळायची. कशाकशाचं भाजलेलं पीठ, गूळ, आणि तेलाचा उग्र वास. गावात आवई उठली की त्यात हाडांचा चुरा आहे, परदेशातून आलं आहे, खाल्लं की बाटलं. माझी आई माळकरी. तिनं घरात सांगून टाकलं, मरू, पण ते तोंडात घालायचं नाही. घरचीला तेव्हा दिवस गेलेले. आधीची दोन लेकरं जगली नव्हती. ती खडीवर जायची, आणि तिथं सावलीत बसून सुकडी खायची. चोरून नाही, राजरोस. आईला कुणीतरी येऊन सांगितलं. त्या संध्याकाळी आईनं जर्मनचं एक ताट काढलं आणि चुलीपासून लांब, उंबऱ्याजवळ ठेवलं. "तुझं हे." बास. एवढंच बोलली. सुनेच्या हातचं पाणी तिनं पुन्हा घेतलं नाही.

सुकडी मीही खाल्ली होती. माझं ताट कुणी वेगळं केलं नाही. घरची मला डोळा मारून म्हणायची, "तुम्ही बाटला नाही, तुमचं तोंड लहानपणीच बाटलंय."

आई त्याच उन्हाळ्यात गेली. ताप म्हणा, उपास म्हणा. नंतर पोरगा झाला आणि तो जगला. मी म्हटलं, आता ते ताट आतल्या फळीवर ठेव. ती म्हणाली, "त्यांनी वेगळं केलंय. त्या असत्या तर भांडून एक केलं असतं. आता त्या नाहीत, त्यांच्या माघारी कसं एक करू?" आणि मरेपर्यंत त्याच ताटात जेवली. पुढं घरात स्टीलची ताटं आली, पाहुणे हसले, तरी. राग नव्हता तिचा. मला तो हिशोब कधी पुरता कळला नाही. पण ती तशी होती.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "मंगळवारी तुम्ही बोलाल."

"इंग्रजी कुठंय मला?"

"मी आहे ना जी."

"तुम्ही साखर घालून सांगता. मी कडू बोललो तर कडूच सांगायचं."

"कडूच सांगतो. कारल्याची शपथ."

सोमवारी मी सुनेच्या किचनमध्ये शिरलो. गव्हाचं पीठ, सोयाबीनचं पीठ, तेल आणि गूळ घेतला. ती घरी आली तर घरभर धूर, आणि छताला लावलेलं धुराचं यंत्र बोंबलत होतं. "बाबा! काय करताय?" म्हटलं, प्रसाद. तिनं खिडक्या उघडल्या, हसली, आणि वड्या कापायला सुरी दिली. एक तुकडा खाऊन म्हणाली, "नाइस! थोडी कडक आहे."

मंगळवारी डबा टोपीवाल्यासमोरच उघडला. त्याला गोड फार आवडायचं. एक खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरी हातात घेऊन तो वाद सुरू करायला उभा राहिला. तो त्याची बाजू चांगली बोलला, खोटं नाही सांगत. बाई त्यांची बाजू बोलल्या, पण आवाज निघेना. मग डॉक्टर म्हणाले, माझ्या मित्राला बोलायचं आहे.

मी उभा राहिलो. टोपीवाल्याच्या हाताकडं बोट केलं. म्हटलं, "तू खातोयस ते आमचं सूप आहे. दुष्काळात तुझ्याच देशानं पाठवलेल्या पिठाचं. ते खाल्लं म्हणून माझ्या बायकोचं ताट वेगळं झालं. तू तीन खाल्ल्यास. आता तुझं ताट कुठं ठेवू ते सांग."

डॉक्टरांनी सांगितलं. कडूच सांगितलं असणार, कारण कुणी हसलं नाही. टोपीवाल्याचे कान लाल झाले. त्यानं हातातली अर्धी खाल्लेली वडी डब्यात परत ठेवली.

मग तो बोलला, आणि बरोबर बोलला. म्हणाला, तुझ्या बायकोला कुणी देव बदल म्हणालं नव्हतं. हे वेगळं, ते वेगळं.

म्हटलं, "कबूल. पण माझ्या आईला ते एकच वाटत होतं. ती मरेपर्यंत मानत होती की सुनेनं धर्म बुडवला. आणि मला एक सांग. ज्यांनी काही खाल्लं नाही ते मेले. ते आपल्यापेक्षा मोठे असतील, मी नाही म्हणत नाही. पण इथं खुर्चीवर बसलेला एकेक माणूस कुणीतरी काहीतरी खाल्लं म्हणून बसला आहे. तूसुद्धा. काय खाल्लं ते तुला तरी कुठं माहीत आहे?"

टोपीवाला टोपी काढून हातात फिरवत राहिला. त्याला मी टोपीशिवाय पहिल्यांदाच बघितलं. मधोमध टक्कल, म्हातारा दिसत होता. मग हळू आवाजात सांगायला लागला, आणि डॉक्टरही हळूच माझ्या कानात. त्याच्या खापरपणजोबाचे दोन भाऊ सूप नको म्हणून मेले. लहान होते. आईनं ते त्याला सांगितलं होतं, आईला तिच्या आईनं. त्यांचं काही उरलेलं नाही. वस्तू नाही, थडगं नाही. "वाडगं टेबलावर ठेवलं," तो म्हणाला, "तर ती दोन पोरं काय वेडी ठरली का?"

मला आईच दिसली. उंबऱ्याकडं पाठ करून बसलेली, वाळून गेलेली, माळ धरून. मी तिच्यावर कधी चिडलो नाही असं नाही. पण ती वेडी नव्हती.

म्हटलं, "नाही. माझ्या घरात दोघी एकाच चुलीपाशी होत्या. एकीनं खाल्लं, एकीनं नाही. मला दोघींपैकी कुणाला घराबाहेर काढता येत नाही. त्या पोरांचं पण टेबलावर ठेव."

"ठेवायला काही नाही म्हटलं ना."

"मग जागा ठेव. रिकामी."

हे डॉक्टरांनी सांगितल्यावर कोपऱ्यातल्या बाई उठल्या. टॉवेल सोडून त्यांनी वाडगं टेबलावर ठेवलं, अगदी कडेला. टोपीवाला टेबलाकडं गेला. मला वाटलं, परत उचलतो की काय. त्यानं ते कडेवरून आत सरकवलं आणि शेजारच्या दोन पेट्या ढकलून हातभर जागा मोकळी केली. हात वर करायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. जाताना त्यानं डब्यातली ती अर्धवट वडी शोधून घेतली आणि तोंडात टाकली.

"कडक आहे," म्हणाला. एवढं इंग्रजी मला कळलं.

सणाच्या दिवशी मी ताट घेऊन गेलो. बाईंनीच आणा म्हटलं होतं. वाडगं, मग मोकळी जागा, मग ताट. डॉक्टरांनी इंग्रजीत चिठ्ठी लिहिली आणि मला मराठीत वाचून दाखवली: या ताटात जेवणाऱ्या बाईनं दुष्काळात मिळालं ते खाल्लं, म्हणून तिचं ताट वेगळं केलं गेलं. तेव्हा तिच्या पोटात असलेला मुलगा आज याच भागात राहतो.

पोरगा आणि सून शनिवारी बघायला आले. पोरानं ताट ओळखलं. चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. आईला तो कितीदा म्हणाला होता, "आई, हे पोचा पडलेलं ताट टाकून दे, नवीन आणलंय." ती हसायची. तो खिशात हात घालून तिथंच उभा राहिला, माणसं त्याला वळसा घालून जात होती. मग माझ्याजवळ आला.

"बाबा, मला कधी सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कधी?"

हे जरा लागलं त्याला. लागायला नको होतं. पण माझं तोंडच तसलं. म्हणून मग बाहेर आल्यावर मी त्याचा हात धरला. रस्ता ओलांडायचा होता असं म्हणू.

टेबल उठल्यावर ताट घरी आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी जरा आडवा झालो होतो. उठलो तर किचनमधून रडण्याचा आवाज. बघतो तर सून डिशवॉशर उघडून जमिनीवर बसलेली, हातात ताट. काळं ठिक्कर पडलेलं. तव्यासारखं.

"सॉरी बाबा. सॉरी. मला माहीत होतं ब्लॅक होतं ते, पण मला वाटलं... मी पण ते सेपरेटच ठेवत होते ना इतके दिवस. मला ते नको होतं. सगळ्यांबरोबर ठेवायचं होतं."

मी ताट हातात घेतलं. जन्मभर घरचीनं राखेनं घासून जपलेलं. पण खाली बघितलं तर त्या यंत्राच्या जाळीत ते आमच्या ताटांच्या मधोमध उभं केलेलं होतं, त्याची जागा अजून तशीच मोकळी दिसत होती. पुढं माझी वाटी, मागं पोराचं ताट. सासूनं वेगळं केलं होतं. घरचीला एक करता आलं नाही. सुनेनं करून टाकलं.

"ऊठ," म्हटलं. "घरात चिंच आहे का?"

तिनं डोळे पुसत डबा शोधला. दोघं सिंकपाशी उभे राहून घासत बसलो. ती चिंच लावायची, मी चोळायचो, मग उलटं. मधेच मी तिला सांगितलं, तुझी सासू तुझ्यापेक्षा जोरात घासायची. ती म्हणाली, "बाबा, जास्त बोलू नका, तुम्ही तो काठ सोडलाय." अगदी घरचीसारखं बोलली.

पहिल्यासारखं झालं नाही. राखाडी राहिलं, मधे काळे ढग. संध्याकाळी पोरगा आला, फळीवरच्या ताटांतून त्यानं तेच ओढून घेतलं आणि त्यात भात वाढून घेतला. मला स्टीलचं मिळालं.